पुस्तकातला रेणू पडद्यावर फिरतो कसा? जेमॉल, जेएसमॉल आणि त्यांची भावकी

अकरावीच्या रसायनशास्त्रात मिथेनचा रेणू काढायला शिकवतात. मधोमध कार्बन, भोवती चार हायड्रोजन. दोन रेघा साध्या, एक पाचरीसारखी जाड, एक तुटक. जाड रेघ कागदातून आपल्याकडे येते, तुटक रेघ कागदाच्या पलीकडे जाते, असे सर सांगतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत काढूनही दाखवतात. पण चारही हायड्रोजन एकमेकांपासून सारखेच लांब आहेत, हे बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत येत नाही. गोळ्या-काड्यांचा संच कॉलेजात असलाच तर बहुधा एकच असतो, आणि तोही कपाटात.

तोच मिथेन मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून बोटाने फिरवला की १०९.५ अंशांचा कोन म्हणजे काय ते अर्ध्या मिनिटात समजते. हे करून दाखवणारी सॉफ्टवेअरे गेली तीस वर्षे आहेत आणि त्यातली चांगली सगळी फुकट आहेत. जेमॉल हे त्यांतले सर्वांत जास्त वापरले गेलेले नाव. त्याचेच आजच्या ब्राउझरमध्ये चालणारे रूप म्हणजे जेएसमॉल. या मालिकेतली काही सॉफ्टवेअरे मधल्या काळात बंद पडली आणि त्यांच्यासोबत शिक्षकांनी रात्री जागून बनवलेली शेकडो पाने अंधारात गेली. काही मात्र टिकली. ती का टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे.

चित्र नव्हे, आकड्यांची यादी

वेबपानावर रेणूचे चित्र टाकणे सोपे आहे, पण चित्र एकाच बाजूने दिसते. व्हिडिओत रेणू फिरतो, पण बनवणाऱ्याच्या मर्जीने. जेमॉलला मुळात चित्र दिलेलेच नसते. त्याला मिळते अणूंच्या जागांची यादी. पाण्याचा रेणू असा लिहितात:

३
पाणी
ओ ०.०० ०.०० ०.००
एच ०.९६ ०.०० ०.००
एच -०.२४ ०.९३ ०.००

प्रत्यक्ष फाइलमध्ये मूलद्रव्यांची चिन्हे आणि अंक इंग्रजी असतात, इतकाच फरक. पहिल्या ओळीत अणू किती, दुसरीत नाव, पुढे प्रत्येक अणूचे चिन्ह आणि त्याची जागा सांगणारे तीन आकडे: आडवा, उभा, खोल. आकडे अँगस्ट्रॉममध्ये असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. ही फाइल नोटपॅडमध्येही लिहिता येते. पाच ओळींचा मजकूर, बाकी काही नाही.

नीट पाहिले तर या यादीत बंध कुठेच लिहिलेले नाहीत. सॉफ्टवेअर अणूंमधली अंतरे मोजते आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या त्रिज्येशी ताडून बघते. ऑक्सिजन आणि हायड्रोजनमध्ये ०.९६ अँगस्ट्रॉम भरले, म्हणजे तिथे बंध. दोन हायड्रोजनमध्ये दीड अँगस्ट्रॉम भरले, म्हणजे तिथे नाही. पडद्यावर दिसणारी काडी ही पुष्कळदा सॉफ्टवेअरने लावलेला अंदाज असते. साध्या रेणूंमध्ये तो अंदाज सहसा बरोबर निघतो, धातू असलेल्या संयुगांत मात्र चुकतो, आणि मुलगा विचारतो, "सर, इथे बंध का नाही दाखवला?" ज्या फाइलींमध्ये बंध आधीच नोंदलेले असतात, त्यांत हा घोळ होत नाही.

बोट सरकले की प्रत्येक अणूचे तीन आकडे फिरवण्याच्या गणितातून पुन्हा काढले जातात. कोण पुढे, कोण मागे हे ठरते आणि पुढच्याने मागच्याला झाकत सगळे नव्याने रंगवले जाते. हे सेकंदात अनेकदा होते, म्हणून डोळ्यांना रेणू गर्रकन फिरल्यासारखा वाटतो. तीन अणूंचे पाणी फिरवायला कुठलाही फोन चालेल. हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनात हायड्रोजन सोडूनही साडेचार हजारांच्या आसपास अणू असतात. तिथे जुना फोन अडखळतो.

सुरुवात रासमॉलपासून

या घराण्याचा मूळ पुरुष रासमॉल. ब्रिटनमधल्या रॉजर सेल यांनी विद्यार्थिदशेत तो लिहायला घेतला आणि १९९३ मध्ये फुकट वाटला. सोबत त्याचा मूळ कोडही खुला केला. त्याआधी प्रथिने फिरवून पाहायची तर लाखोंची खास यंत्रे लागत आणि ती मोठ्या प्रयोगशाळांतच असत. रासमॉल साध्या संगणकावर चालला. तो ब्राउझरमध्ये चालत नव्हता, वेगळा उघडावा लागे. पण त्याने एक गोष्ट पक्की केली, ती म्हणजे आज्ञांची भाषा. 'सिलेक्ट' म्हणून अणू निवडायचे, 'कलर' म्हणून रंग द्यायचा, 'स्पेसफिल' म्हणून गोळे फुगवायचे, 'कार्टून' म्हणून प्रथिनाची फीत काढायची. या आज्ञा इतक्या सोप्या होत्या की प्रोग्रामिंग न येणारे प्राध्यापकही आठवड्याभरात शिकले.

त्याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले हेन्री झेपा आणि त्यांचे सहकारी पीटर मरे-रस्ट यांच्यासारखी मंडळी एका वेगळ्या प्रश्नावर खटपट करत होती. वेब तेव्हा नवीन होते. सर्व्हरकडून येणारी फाइल मजकूर आहे की छायाचित्र, हे ब्राउझरला कळायचे. ती रेणूची आहे हे कळण्याची सोय नव्हती. त्यांनी रासायनिक फाइलींसाठी वेगळी ओळखचिन्हे सुचवली. जणू पाकिटावरच लिहिले, 'आत रेणू आहे'.

त्या ओळखचिन्हांवरून नाव घेऊन १९९६ मध्ये चाइम आला. अमेरिकेतल्या एमडीएल या कंपनीने रासमॉलच्या खुल्या कोडवर तो उभा केला होता. तेव्हाच्या नेटस्केप ब्राउझरला हा प्लग-इन जोडला की वेबपानातच रेणू फिरू लागे. मजकूर डावीकडे, रेणू उजवीकडे आणि मध्ये बटणे. 'हे बटण दाबा, लोहाचा अणू लाल होईल.' जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा प्रकार डोक्यावर घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे एरिक मार्ट्झ यांनी चाइमवर प्रोटीन एक्सप्लोरर नावाचे मोठे साधन रचले. जगभरच्या कॉलेजांत लोक आपापली पाने बनवू लागले.

गोम अशी होती की चाइम फुकट असला तरी बंदिस्त होता. ज्या खुल्या कोडवर तो उभा राहिला, त्यात कंपनीने घातलेली भर कोणाला पाहता येत नव्हती, दुरुस्तही करता येत नव्हती. विंडोजवर तो बरा चालला. लिनक्सवर आणि मॅकच्या नव्या प्रणालीवर मात्र धड आलाच नाही. ब्राउझर बदलत गेले, कंपनीचे मालक बदलत गेले आणि चाइम मागे पडत पडत संपला. त्यावर बांधलेली पाने उघडली की मधोमध राखाडी चौकोन दिसू लागला.

जेमॉल: अनेकांच्या हातून मोठे झालेले सॉफ्टवेअर

जेमॉलची सुरुवात अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले डॅन गेझेल्टर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केली. नावातला 'जे' हा जावा या प्रोग्रामिंग भाषेचा. पहिल्या दिवसापासून कोड खुला होता. नंतर ब्रॅडली स्मिथ आणि एगॉन विलिगहागन यांनी ते सांभाळले. मग मिगेल हॉवर्ड आले आणि त्यांनी रेणू रंगवणारा गाभाच नव्याने लिहून काढला, त्यामुळे मोठी प्रथिनेही सहज फिरू लागली. २००६ पासून सूत्रे बॉब हॅन्सन यांच्याकडे आहेत. हॅन्सन मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या लहान गावातल्या सेंट ओलाफ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आले. मोठी कंपनी नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. एका कॉलेजातले प्राध्यापक आणि जगभरचे हौशी मदतनीस.

हॉवर्ड यांच्या काळात एक निर्णय झाला, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जेमॉलने स्वतःची नवी आज्ञाभाषा काढली नाही. रासमॉलची आणि चाइमची भाषाच उचलली आणि तीत भर घातली. त्यामुळे चाइम बंद पडल्यावर ज्यांनी आज्ञा लिहून ठेवल्या होत्या, त्यांना त्या थोड्याफार फरकाने जेमॉलमध्ये घालता आल्या. मार्ट्झ यांनीही पुढे जेमॉलवर चालणारे फर्स्टग्लान्स हे साधन केले. प्रथिनांच्या जागतिक संग्रहाच्या संकेतस्थळावर जेमॉल आला, शोधनिबंधांच्या नियतकालिकांत आला. २००८ च्या आसपास इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेतून प्रोटिओपीडिया सुरू झाला. हा विकिपीडियासारखा लोकांनी लिहायचा ज्ञानकोश आहे आणि त्यात लेखाशेजारी प्रथिन फिरत असते. लेखातला हिरवा शब्द दाबला की प्रथिन वळून नेमका तोच भाग समोर आणते.

जावा गेले, तेव्हा काय झाले

जेमॉल ब्राउझरमध्ये ॲपलेट म्हणून चालायचा, आणि ॲपलेटला संगणकावर जावा लागायचे. आयफोन आणि आयपॅडवर ॲपलेट कधी चाललेच नाहीत, अँड्रॉइडवरही नाहीत. म्हणजे जग मोबाइलकडे निघाले आणि जेमॉल टेबलावरच राहिला. त्यात जानेवारी २०१३ मध्ये जावात सुरक्षेचे गंभीर भगदाड सापडले आणि ब्राउझरमधले जावा बंद करा, असा सल्ला खुद्द अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने दिला. पुढच्या वर्षीपासून जावा दर वेळी परवानगीच्या खिडक्या उघडू लागले. वर्गात चाळीस मुलांसमोर सर 'ॲक्सेप्ट', 'ॲक्सेप्ट' करत बसलेले. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे सगळे प्लग-इन काढून टाकले. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने एक फ्लॅश वगळता बाकीचे बंद केले. २०१८ मध्ये जावा ११ आले तेव्हा त्यात ॲपलेट चालवण्याची सोयच उरली नव्हती.

चाइमच्या वेळी जे झाले तेच जेमॉलचेही व्हायला हवे होते. झाले नाही, कारण कोड खुला होता आणि तयारी आधीच झाली होती. चीनमधले झोऊ रेन्जियान यांनी जावा२स्क्रिप्ट नावाचे साधन बनवले होते. जावात लिहिलेला प्रोग्राम ते जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रत्येक ब्राउझरला मुळातच समजणाऱ्या भाषेत उतरवते. २०१२-१३ मध्ये हॅन्सन, झोऊ, जपानचे ताकानोरी नाकाने आणि वाइझमान संस्थेतले हायमे प्रिलुस्की व जोएल सुसमान यांनी मिळून अख्खा जेमॉल या मार्गाने उतरवला. तोच जेएसमॉल. प्लग-इन नको, जावा नको, इन्स्टॉल काही करायचे नाही. पान उघडले की रेणू फिरतो, फोनवरसुद्धा.

आणि आज्ञाभाषा तीच राहिली. १९९३ मध्ये रासमॉलसाठी शिकलेली 'सिलेक्ट' आणि 'स्पेसफिल' आजही चालते. प्रोटिओपीडियातले हजारो प्रसंग लेखकांनी पुन्हा बसवले नाहीत. खालचे यंत्र बदलले आणि वरचा मजकूर जसाच्या तसा राहिला.

कागदावर काढतात तशी सपाट रचना ब्राउझरमध्ये काढू देणाऱ्या साधनाचीही हीच कहाणी आहे. पीटर अर्टल यांचा जेएमई हा जावा ॲपलेट होता. २०१३ मध्ये त्याचा जेएसएमई झाला. जेएसमॉलसोबत तो जोडता येतो. डावीकडे मुलाने रचना काढायची, उजवीकडे ती उभी राहून फिरायला लागते.

भावकीतले बाकीचे

जेएसमॉल रंगवण्याचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो. त्यामुळे तो कुठेही चालतो, पण मोठ्या प्रथिनांना हळू पडतो. मार्च २०११ मध्ये वेबजीएल हे मानक आले आणि ब्राउझरला ग्राफिक्स चिपपर्यंत थेट पोहोचता येऊ लागले. नाकाने यांनी त्यावर जीएलमॉल केला. त्याच्या खुल्या कोडवरून पिट्सबर्ग विद्यापीठातल्या निकोलस रेगो आणि डेव्हिड कोस यांचा थ्रीडीमॉल घडला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेबपानात चार-पाच ओळींत रेणू बसवायचा असेल तर तो फार सुटसुटीत आहे.

आज सर्वांत वेगवान म्हणायचा तर मोलस्टार. प्रथिनांच्या जागतिक संग्रहाच्या संकेतस्थळावर आता तोच दिसतो. हा संग्रह, म्हणजे प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि त्या कोणालाही फुकट पाहता येतात. प्रत्येकीला चार अक्षरांचा क्रमांक असतो. जेमॉलमध्ये 'लोड', बरोबरचे चिन्ह आणि तो क्रमांक टाइप केला की रचना थेट संग्रहातून उतरते. लहान रेणूंसाठी तर इंग्रजी नाव पुरते: 'लोड'पुढे डॉलरचे चिन्ह आणि कॅफीन लिहिले की चहातले कॅफीन समोर हजर.

प्रयोगशाळेतला संगणक फार जुना असेल तर मोलस्टार आणि थ्रीडीमॉल तिथे उघडतीलच असे नाही, कारण जुन्या ग्राफिक्स चिपवर ब्राउझर वेबजीएल बंदच ठेवतो. तिथे जेएसमॉल उपयोगी पडतो, हळू का होईना.

सिकलसेल: एका अमिनो आम्लाचा फरक

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अनेक घरांत त्याचा रुग्ण किंवा वाहक आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या होतात, अडकतात, दुखणे उठते. पण पेशी विळ्यासारखी का होते, हे पुस्तकातल्या दोन ओळींत सांगून भागत नाही. फिरत्या रेणूचा खरा उपयोग इथे दिसतो.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढाच फरक. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले आणि व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ मध्ये ती नेमकी जागा शोधली.

या हिमोग्लोबिनची स्फटिकातून काढलेली रचना संग्रहात आहे. क्रमांक २एचबीएस. त्यात हिमोग्लोबिनचे दोन रेणू शेजारी शेजारी आहेत. उघडल्यावर आधी नुसत्या फितींचा गुंता दिसतो. मग बीटा साखळ्यांतल्या सहाव्या जागा निवडून त्यांचे गोळे फुगवायचे आणि तांबडे करायचे. बीटा साखळ्या या फाइलमध्ये बी, डी, एफ आणि एच अशा आहेत. चार तांबडे ठिपके उमटतात. आता रेणू सावकाश फिरवायचा. एका जागी तांबडे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळगीत जाऊन बसलेले सापडते. त्या खळगीच्या कडेला ८५ वे फेनिलॲलॅनिन आणि ८८ वे ल्युसिन आहे. दोन्ही पाण्यापासून दूर राहणारी, आणि व्हॅलिनही तसेच. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्यामुळे ते असते तर इथे शिरले नसते.

एक रेणू दुसऱ्याला असा अडकला, दुसरा तिसऱ्याला, की पेशीत लांबच लांब दोरे तयार होतात आणि पेशी ताणली जाऊन वाकते. खळगी ऑक्सिजन सोडलेल्या रूपातच नीट उघडी असते, म्हणून ऑक्सिजन कमी पडला की त्रास वाढतो. चारपैकी सगळी व्हॅलिन अशी अडकलेली नसतात, हेही फिरवून पाहणाऱ्याच्या लक्षात येते आणि त्यावरून पुढचा प्रश्न निघतो. तुलनेला निरोगी माणसाचे ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन, क्रमांक ४एचएचबी, शेजारच्या खिडकीत उघडावे.

फवारणीचे औषध शरीरात काय करते

दुसरे उदाहरण कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांचे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांचे लक्ष्य असते ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पुसण्याचे काम ते करते.

त्याची रचना १९९१ मध्ये वाइझमान संस्थेत उलगडली. विकर घेतले होते विजेचा झटका देणाऱ्या पाकट माशाचे. काम करणाऱ्यांत जोएल सुसमान होते, जेएसमॉल घडवणाऱ्यांत ज्यांचे नाव वर आले तेच. रचनेत सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल, अरुंद घळ दिसते आणि तिच्या तळाशी सेरिन हे अमिनो आम्ल. कीटकनाशक या सेरिनला बंधाने चिकटते. मग निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, दम लागणे, ही सगळी त्याची लक्षणे. रुग्णालयात दिले जाणारे प्रालिडॉक्सिम सेरिनवरून तो फॉस्फरसचा तुकडा सोडवते. पण वेळ गेला की त्या तुकड्याचे रासायनिक रूप बदलते आणि मग तो सुटत नाही. उशीर का महागात पडतो त्याचे कारण त्या घळीच्या तळाशी आहे, आणि फोनवर रेणू आडवा करून आत डोकावले की ती घळ दिसते.

जे दिसते ते सगळे खरे नसते

ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन करडा, हायड्रोजन पांढरा, गंधक पिवळे. हे रंग अणूंचे नाहीत. कोरी, पॉलिंग आणि कोल्टन यांनी लाकडाची आणि नंतर प्लॅस्टिकची प्रारूपे बनवली, त्यावरून रूढ झालेला हा संकेत आहे. प्रथिनाची फीतही तशीच. शरीरात फीत कुठेच नसते. साखळी कशी वळली आहे ते कळावे म्हणून ती काढतात.

क्ष-किरणांनी काढलेल्या प्रथिनांच्या रचनांत हायड्रोजन बहुधा नसतातच, कारण त्या पद्धतीत ते दिसणे कठीण. 'पाण्यात हायड्रोजन नाही का?' असा प्रश्न वर्गात हमखास येतो, कारण प्रथिनाभोवतीचे पाणी नुसता तांबडा ठिपका म्हणून दिसते. अल्फाफोल्डच्या संग्रहातल्या रचना तर प्रयोगातून आलेल्या नाहीत; त्या संगणकाने वर्तवलेल्या आहेत. तिथे गडद निळा भाग भरवशाचा आणि नारिंगी भाग अगदी कमी भरवशाचा, असा संकेत आहे. पुष्कळ जण नारिंगी भेंडोळ्यालाही खरा आकार समजून बसतात.

जेमॉलमध्ये रामचंद्रन आलेख काढण्याची सोय आहे, ती अशा वेळी कामाला येते. जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसोबत दाखवले की प्रथिनाची साखळी हव्या त्या कोनात वळू शकत नाही. काही कोनांत अणू एकमेकांवर आदळतात. रचनेतले ठिपके निषिद्ध भागात जास्त पडले तर तिच्यात काहीतरी चुकले आहे. जगातल्या जवळपास प्रत्येक प्रथिनाची तपासणी आजही या भारतीय आलेखाने होते.

नेट नसलेल्या शाळेत

रेणूची फाइल अगदी लहान असते. व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. जड असते ते सॉफ्टवेअर, आणि जेएसमॉल तेही एकदम न उतरवता लागेल तसे तुकड्यांनी उतरवतो. तरीही पहिल्यांदा पान उघडताना कमकुवत नेटवर्कवर थांबावे लागते.

नेट मुळीच नसेल तर दोन वाटा आहेत. एक, जेमॉलचा मूळ जावा प्रोग्राम. तो ब्राउझरबाहेर आजही चालतो. एकदा पेन ड्राइव्हवर आणला, संगणकावर जावा असले, की झाले. दुसरी वाट म्हणजे जेएसमॉलचे अख्खे फोल्डर शाळेतल्या एका संगणकावर ठेवून तिथे छोटा सर्व्हर चालू करायचा आणि बाकीच्या संगणकांवर ते पान शाळेच्या अंतर्गत नेटवर्कवरून उघडायचे. पेन ड्राइव्हवरची पानाची फाइल नुसती डबल क्लिक करून भागत नाही; ब्राउझर सुरक्षेपोटी शेजारची रेणूची फाइल वाचू देत नाही आणि काळा चौकोन तेवढा दिसतो. 'सॉफ्टवेअर बिघडले' म्हणून अनेक जण इथेच सोडून देतात. अणूंची यादी पानाच्या मजकुरातच लिहिली तर निदान ती फाइल वाचण्याची अडचण राहत नाही.

वापरायला शिकणे अवघड नाही. ओढले की फिरते, दोन बोटांनी चिमटले की लहान-मोठे होते. एका अणूवर डबल क्लिक करून दुसऱ्यावर डबल क्लिक केले की अंतर लिहून येते. कोपऱ्यातल्या जेएसमॉल या अक्षरांवर टिचकी मारली की मेनू उघडतो. त्यातच आज्ञा टाइप करण्याची खिडकी आहे. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच द्याव्या लागतात. शिक्षकाने एखादे दृश्य मनासारखे बसवले, रंग दिले, कोन ठरवला, की ते चित्राच्या फाइलीत साठवता येते. दिसायला ते साधे चित्र. छापता येते, पाठवता येते. पण त्यासाठी असलेल्या खास प्रकारात साठवले तर रेणूचे आकडे आणि सगळ्या आज्ञा त्याच फाइलीत दडलेल्या राहतात, आणि ते चित्र परत जेमॉलमध्ये टाकले की रेणू जिथे सोडला होता तिथून पुन्हा फिरू लागतो. व्हॉट्सॲपवर मात्र ते नुसते फोटो म्हणून पाठवू नये, दाबून लहान करताना आतला मजकूर जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.